बुलबुलांचं मत

भिंतीवरून मांजर गेलं, तसं गॅलरीतलं यंत्र म्हणालं, "धोका!" औषधं पोहोचवणारा ड्रोन आला, तेव्हाही "धोका!"

पक्ष्यांच्या बोलीचं मराठी करणारं हे यंत्र मुकुंदराव पेंढारकरांनी मुद्दाम भाड्याने आणलं होतं. रोज सकाळी ते गॅलरीत बसून बुलबुलांनी काय खाल्लं, घरट्याला काय लावलं, ते वहीत लिहीत. गेल्या वर्षी जोडी अंडी टाकून निघून गेली, ती आपल्या टक लावून बघण्यामुळेच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. यंदा मधुमालतीत पिलं निघाली होती.

"मला बघून 'धोका' म्हणाले, तर वही बंद," त्यांनी पत्नीला सांगितलं.

"बरं होईल, चहा तरी गरम प्याल," म्हणत शैलाताई केरसुणी घेऊन आल्या.

"मोठा धोका! हातात काहीतरी आहे!"

"मेल्यांनो, पाणी कोण ठेवतं?" त्या तणतणत आत गेल्या.

मुकुंदराव श्वास रोखून खुर्चीत टेकले. मादी अळी घेऊन आली, त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत बोलली. यंत्र सावकाश म्हणालं, "काही नाही. तोच आहे. खा."

"लग्नापासून मी हेच सांगतेय!" आतून शैलाताई हसल्या. "मला नाही यंत्र लागलं!"

मुकुंदरावांना नोकरीत बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली होती. त्यातलं एकही वाचून त्यांचे डोळे भरून आले नव्हते. आभार मानायला ते हात जोडणार होते, पण पिलं खात होती, म्हणून त्यांनी ते मनातच जोडले.