चौथ्या कमानीची काच

भिंगबाईने प्लास्टरमधल्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. तो सैल बसला. तिने अंगठा काढला, ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला. सैलच.

पूल तपासणाऱ्या खात्यात तिला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. दुधवाल्यापासून नवऱ्यापर्यंत कोणाचाही शब्द ती पडताळल्याशिवाय घेत नसे. सहा महिन्यांपूर्वी याच चौथ्या कमानीखाली, दगडातल्या भेगेवर, तिने स्वतःच्या हाताने काचेची अरुंद पट्टी आडवी बसवली होती. दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते, आणि काच तडकली की पूल बंद. जाता जाता तिने ओल्या प्लास्टरवर अंगठा दाबून ठेवला होता. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज काच अखंड होती. खिळ्याने कोरलेली तारीखही तीच. फक्त अंगठा दुसऱ्याच कोणाचा तरी होता, आणि चांगला दणकट होता.

"काय म्हणते काच?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या पुलाच्या चौकीदाराने विचारलं.

"शाबूत आहे," ती म्हणाली. शिडी कोणाच्या हातात आहे हे तिच्या एकदम ध्यानात आलं. ती एकेक पायरी जपून उतरली.

"म्हटलं नव्हतं? दोनशे वर्षांचा दगड आहे, बाई. या तळ्यावर माणसं येतात ती हा पूल बघायला. बिस्किटाच्या डब्यावरसुद्धा ह्याचंच चित्र असतं."

"तुमचा हात दाखवा."

"भविष्यपण सांगता वाटतं?" हसत त्याने हात पुढे केला. अंगठा टोकाला पसरट होता, चमच्यासारखा.

"आता वर चढा, आणि तो त्या खळग्यात ठेवून दाखवा."

चौकीदाराचं हसू मावळलं. तो चढला नाही. बराच वेळ त्याने शिडीही सोडली नाही.

"मला वाटलं, तो खळगा कामातलाच असेल," तो शेवटी म्हणाला. "म्हणून तोही केला. सगळं जसंच्या तसं केलं होतं."

"काच कधी फुटली?"

"पहिली ना? तुम्ही गेल्यावर महिन्याभरात."

"पहिली म्हणजे?"

"ही चौथी."

वरून ट्रक गेला आणि कमानीतली चिमूटभर भुकटी तिच्या वहीवर सांडली.

"अहो, शाळेच्या बस जातात वरून! आणि तुम्ही तोंड वर करून सांगताय?"

"मग काय करू?" तोही उसळला. "आधी एकदा काच फुटली, तर तुमच्या साहेबांनी आठ महिने पूल बंद ठेवला. तुम्ही नव्हता तेव्हा. दवाखाना या काठाला, माणसं त्या काठाला. तळ्याला वळसा घालून यायचं म्हणजे दोन तास. दोघं वाटेतच गेली. त्यातला एक माझा चुलतभाऊ. लोकांनी शिव्या कोणाला घातल्या? तुमच्या साहेबांना नाही. मला, या चौकीच्या दारात येऊन. तेव्हाच ठरवलं. पूल पुन्हा बंद होऊ द्यायचा नाही."

खोटं बोलणारा माणूस भिंगबाईला लांबूनही ओळखू यायचा. हा खरं बोलत होता, आणि त्याचाच तिला राग आला. दोघं पायऱ्या चढून वर चौकीपाशी आले तरी तिने वही उघडली नव्हती. 'महिन्याने पुन्हा पाहणी' एवढंच लिहून मोकळं व्हावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

चौकीच्या पायरीवर एक तरुण बाई बसली होती. मांडीवर तान्हं मूल, चपला धुळीने माखलेल्या.

"माझी लेक," चौकीदार घाईने म्हणाला. "अगं, आत जाऊन बस ना. उन्हात काय बसलीस?"

"कुठून आलात?" भिंगबाईने सवयीने विचारलं.

"हे काय, समोरून." लेकीने पुलापलीकडच्या लाल छपराकडे बोट दाखवलं. "ते आमचंच घर."

"मग एवढी धूळ कुठली?"

"ते बाबांनाच विचारा. पाच मिनिटांची वाट सोडून दोन तास वळसा घालून यायचं, भरल्या बसमधून, मग धुळीतून चालत, या पिल्लाला घेऊन. पाच महिने झाले, पुलावर पाऊल ठेवू देत नाहीत. शपथ घातलीये. म्हणे, पुलावरचा वारा बाळाला बाधतो."

भिंगबाईने चौकीदाराकडे पाहिलं. तो चपलांकडे पाहत होता.

रस्त्याच्या वळणावर हॉर्न वाजला. शाळेची पिवळी बस मुलांना पलीकडे सोडायला निघाली होती. खिडक्यांतून हात बाहेर आले होते, आत कसलंसं गाणं चाललं होतं.

भिंगबाई पुढे झाली, पण तिच्याआधीच चौकीदार धावला. त्याने फाटकाचा लोखंडी दांडा धाडकन खाली पाडला, कुलूप घातलं. बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर ओरडू लागला. कुलूप लागलेला तो दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून चौकीदार तसाच उभा राहिला.