सही नको, अंगठा

रेशन दुकानात कमळाबाईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी आधी नातीच्या तोंडातून अंगठा काढला, मग पिशवीतून कार्ड काढलं. सकाळपासून अंगठा काढायची ही दहावी नाहीतर अकरावी वेळ होती.

आकांक्षा सहा वर्षांची होती, सोमवारपासून पहिलीत बसणार होती आणि अजून अंगठा चोखत होती. पुढचे दात बाहेर येतील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कोरफडीचा गर लावून झाला, कडुनिंबाचा पाला वाटून लावला. पोरगी ते सगळं लोणी चाटावं तसं चाटून मोकळी. आईने, दीपिकाने, हात टेकले. मग कमळाबाई सुनेला म्हणाल्या, दे माझ्या ताब्यात, शाळा सुरू व्हायच्या आत सोडवते की नाही बघ.

कमळाबाईंचं अंगठ्याशी जुनं वाकडं होतं. कॉटन ग्रीनच्या गोदामात धान्य निवडायला जायच्या तेव्हा हजेरीला त्या अंगठा उठवत. पंचेचाळिसाव्या वर्षी विहारातल्या वर्गात बसून त्या सही शिकल्या आणि त्या दिवसापासून कुठल्याही कागदावर त्यांनी अंगठा टेकवला नव्हता. अंगठा तान्ह्या बाळांनी चोखावा, तू आता लिहिणार-वाचणार, असं त्या नातीला रोज ऐकवत. नात अंगठा तोंडात ठेवूनच मान डोलवायची.

काउंटरमागे बुधाजी बसला होता. कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकाने स्वतः येऊन केवायसी करायची, नाहीतर नाव कापलं जाईल, हे तो प्रत्येकाला नव्याने सांगत होता. कमळाबाईंनी पेन मागितलं.

"पेन कशाला, आजी? मशीनवर अंगठा लावा."

"मी सही करते."

बुधाजीने सांगितलं की सही मशीनला कळत नाही, त्याचा स्वतःचाही अंगठाच घेतलाय. मागे रांगेत एक जण हसला. कमळाबाईंना ते हसणं लागलं. तरी त्यांनी अंगठा ठेवला. लाल दिवा लागला.

पदराला पुसून पुन्हा ठेवला. लाल. बुधाजीने त्यांचा अंगठा उजेडात धरून पाहिला. तीस वर्षं तांदळातले खडे वेचून वेचून त्यावरच्या रेषा पार झिजल्या होत्या. कातडी कोरडी पडलीय, म्हणत त्याने बाटलीतलं पाणी लावलं, रुमालाने टिपलं, दाबून धरलं. लालच. शेवटी तो म्हणाला, तोवर पोरीचं करून घेऊ.

आकांक्षाचा अंगठा एव्हाना परत तोंडात गेला होता. तो तिथून निघाला, फ्रॉकला पुसला गेला आणि मशीनवर टेकला. पहिल्या झटक्यात हिरवा.

पोरीने आजीकडे पाहिलं. आजीला जमत नाही असं काहीतरी आपल्याला जमतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

"पाण्याने नाय होत, आजी. चोखायला लागतो. मग मऊ होतो."

बुधाजीला हसू आवरेना. पण करून बघायला हरकत नाही, असं तोही म्हणाला.

कमळाबाईंच्या अगदी जिवावर आलं. इतक्या लोकांसमोर, आणि तेही या पोरीच्या देखत. आता हिला कुठल्या तोंडाने सांगायचं? पण नाव जाणार होतं. 'कमळाबाई' ही पाच अक्षरं गिरवायला त्यांना दोन महिने लागले होते. ते नाव कुणी कार्डावरून कापलेलं त्यांना सोसलं नसतं. त्यांनी रांगेकडे पाठ केली, पदर पुढे ओढला आणि अंगठा तोंडात घातला.

"असा नाय गं. जीभ खाली ठेव."

अडुसष्ट वर्षांच्या कमळाबाईंनी निमूटपणे जीभ खाली ठेवली. आकांक्षा त्यांच्या नि रांगेच्या मधे येऊन उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून, रांगेकडे तोंड करून. मघाशी हसलेल्या माणसाकडे ती टक लावून बघत राहिली. त्याने मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजून झाल्यावर तिने आजीला सांगितलं, आता पूस नि लाव.

हिरवा.

"झालं, आजी," बुधाजी म्हणाला. "नाव राहिलं तुमचं."

कमळाबाईंनी कार्ड पिशवीत घातलं, नातीचं बोट धरलं आणि पायऱ्या उतरल्या. छातीवरचा दगड उतरला होता. मधेच हसू येत होतं, मधेच डोळे भरून येत होते, आणि बाजूने जाणारा टेम्पोही त्यांना दिसला नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत पोचल्या तेव्हा आकांक्षा एकदम थांबली. तिने बोट सोडवून घेतलं आणि आजीचं उजवं मनगट आपल्या दोन्ही हातांनी धरून खाली ओढलं.

"आता काढ ना, आजी," ती हळूच म्हणाली. "सवय लागते."