काळंनिळं

आपल्या दोन वर्षांच्या लेकीच्या, रेवाच्या डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं पाहून हेमांगीने पाळणाघराच्या दारातच आवाज चढवला. "एवढ्याशा पोरीला मारता?"

"नाही गं, आईशप्पथ!" पाळणाघर चालवणाऱ्या कुमुदमावशी रडवेल्या झाल्या. पण मुलांना न्यायला आलेल्या इतर आयांनी हेमांगीचं बोलणं ऐकलं होतं. आठवड्याभरात सगळी मुलं गेली आणि पाळणाघर बंद पडलं.

डाग मात्र वाढतच गेले, तेव्हा तपासण्या झाल्या. "हा मार नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटात गाठ आहे. ती डोळ्यांमागे पसरलीय, म्हणून तिथे रक्त साकळतंय."

हेमांगी तशीच मावशींकडे गेली. "मावशी, मी फार वाईट वागले..." तिने डॉक्टरांचं बोलणं सांगितलं.

सगळं ऐकून मावशी चाचरत म्हणाल्या, "रेवाला बघायला येऊ का गं? तू समोर असशील तेव्हाच येईन."