माफीवाली

मियोरे स्टुलावर चढली तेव्हा तिच्या पायांत गोळे आले होते. सकाळपासून ही कितवी माफी, हे मोजणं तिनं कधीच सोडलं होतं. पिवाक एअरमध्ये पाण्यालाही पैसे पडतात. फुकट मिळते ती एवढी माफी. कंपनीकडे विमानं थोडी आणि मार्ग फार. त्यामुळे एखादं विमान रखडलं किंवा रद्द झालं, की मियोरेला त्या दाराशी धाडायचं हे ठरलेलंच.

नुसती माफी मागून मात्र होरेन देशात भागत नाही. प्रवाशांतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं ‘जाऊ दे’ म्हणावं लागतं. माफी तीनदाच मागता येते; तिन्ही वेळा ‘नाही’ आलं, तर विमान रद्द झालं असं होत नाही, आणि कंपनीला कुठून तरी दुसरं उभं करावं लागतं. म्हणून तर मियोरेला नोकरी होती. तिनं कमरेत वाकून मान खाली घातली, की समोरचा कितीही तापलेला असो, विरघळायचा.

आज रद्द करायचं होतं ते कुसान बेटाचं विमान. आठवड्यातून एकदाच जाणारं. आणि प्रवाशांच्या रांगेत आज मियोरेची स्वतःची बॅग उभी होती.

कुसानहून सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, “उद्या सकाळी तुझ्या किसाचं नाव इथल्या शाळेत घालतेय. त्याआधी आलीस तर घेऊन जा. नाही आलीस तर पोरगी इथंच शिकेल. किती वेळा दाराशी बसवून ठेवू तिला?”

“तोबेकसाहेब, मलाही याच विमानानं जायचंय,” मियोरे वरिष्ठाला हळूच म्हणाली.

“ठाऊक आहे. पण अंगात कंपनीचा कोट आहे ना? मग तू अजून प्रवासी नाहीस.” तोबेकनं जांभई दिली. “आटप. म्हातारी मऊ दिसतेय.”

म्हातारी पुढच्याच बाकावर बसली होती. पाठीत वाकलेली, पण नजर कडक. मियोरेनं मनाशी ठरवलं, आज वाईट माफी मागायची. तिनं पाठ केलेली वाक्यं भरभर म्हटली आणि मान जेमतेम झुकवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं कामात कुचराई केली.

“ही काय माफी झाली?” मागून एक मासेविक्या ओरडला. “आजी, सोडू नका हिला. विमान आणायला लावा.”

“नाही सोडत,” म्हातारी म्हणाली. “नाही म्हणजे नाही.”

मियोरेला कितीतरी दिवसांनी आशा वाटली. आणखी दोनदा विचारायचं, आणि म्हातारीनं दोनदा नाही म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

“नीट वाक,” तोबेक दातओठ खात कुजबुजला. “मुद्दाम करतेयस, कळतं मला. उद्यापासून येऊ नकोस मग.”

मियोरे पुन्हा वाकली. मुद्दाम अर्धवटच वाकणार होती ती. पण दिवसभराच्या उभ्यानं गुडघ्यांत जीव राहिला नव्हता. ते लटपटले, स्टूल डगमगलं, आणि सावरता सावरता ती पार खालपर्यंत झुकली. वर यायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला हातही वर येईना.

मासेविक्यानं पुढे होऊन स्टूल धरलं.

म्हातारी काठी टेकत उठली. मियोरेच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नको आजी, मियोरे मनात म्हणत होती, मऊ पडू नका, नाही म्हणा. पण कोट घातलेल्या बाईला असं बोलायची सोय नव्हती. आणि कोट काढला, तर लेकीला आणून खायला काय घालणार होती ती?

“मला अजून दोनदा नाही म्हणायचा हक्क आहे,” म्हातारी सगळ्यांकडे वळून म्हणाली. “पण हिचे पाय बघा रे. माझी नात असती तर मी हिला उभी ठेवली असती का? विमान काय, पुढच्या आठवड्यात मिळेल.” मग सावकाश म्हणाली, “जाऊ दे.”

तोबेकनं लगेच फलक फिरवला. कुरकुरत, सामान ओढत लोक पांगले. मासेविक्या जाता जाता म्हणाला, “बरोबर केलंत आजी.”

म्हातारीनं हात धरून मियोरेला स्टुलावरून उतरवलं. तो हात खरबरीत आणि उबदार होता, आणि मियोरेला तो झिडकारताही येईना, सोडवेनाही.

“आता इथं थांबू नकोस,” म्हातारी तिच्या गालावरून बोटं फिरवत म्हणाली. “घरी जा, पोरी. कुणीतरी वाट बघत असेल.”

“हो आजी,” मियोरे म्हणाली, आणि आभार मानायला पुन्हा वाकली.