‘नंतर’चा फोटो आधी

‘महिनाभरात गालांवर लाली’ हे लोहाच्या गोळ्यांच्या डबीवरचं वाक्य कंपनीच्या मालकांनी स्वतःच्याच डोक्यातून काढलं होतं. आता जाहिरातीसाठी बाहेरची मॉडेल कशाला, म्हणून त्यांनी बायकोलाच स्टुडिओत आणून बसवलं. अशा कामात ‘नंतर’चा फोटो आधी उरकतात, तसा तो उरकला. गालांवर लाली, ओठांवर रंग, सगळं फक्कड जमलं.

“आता ‘आधी’चा,” मालक मेकअपवालीवर खेकसले. “अंगात रक्ताचा थेंब नाही असं वाटलं पाहिजे. आणि तासभर घोळ घालू नका.”

मेकअपवालीने ओल्या कापसाने बाईंचा चेहरा स्वच्छ पुसला आणि ती बाजूला झाली. दिव्याखाली पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, खडूसारखे ओठ. मालक भलतेच खूश झाले.

“याला म्हणतात काम. काय काय फासलंत हो?”

“काही नाही. मी लावलेलं तेवढं पुसलं.”

फोटोग्राफरने कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं. मालकांचा पारा चढला आणि ते बायकोवर घसरले.

“चारचौघांत माझी शोभा करायची होती का? घरात डब्यांची चळत लागलीय. रोज एक गोळी तोंडात टाकायला काय धाड भरते तुला?”

बायकोने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.



“रोज टाकतेय. डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही केराच्या टोपलीत फेकल्यात, त्या दिवसापासून.”