दादांचा रेनकोट

इंद्रजीतदादांच्या वाढदिवसाला महिना उलटला, तरी त्यांचा फ्लेक्स वस्तीच्या फाट्यावर लोंबतच होता. विकतचा रेनकोट परवडत नव्हता, म्हणून प्रगतीच्या आईनं तो फ्लेक्स उतरवून लेकीला रेनकोट शिवला. पावसाचा थेंब आत यायचा नाही. पण दादांचा हसरा चेहरा नेमका पाठीवर आला होता आणि सायकलला मागचं मडगार्ड नव्हतं. मांडवगणची शाळा येईपर्यंत दादा चिखलानं पार माखायचे.

एक दिवस दादांच्या कार्यकर्त्यानं तिला चौकात अडवलं. "ए पोरी, दादांच्या तोंडावर चिखल? उलटा करून घाल त्यो!"

"उलटाच घालणार व्हते," पायडलवर पाय ठेवत प्रगती म्हणाली.

"पर म्हटलं, आमच्या वस्तीचा रस्ता एकदा दादांनीबी बघावा."