सहकर्जदार

बी.एड. करतानाच संयोगितानं स्वतःच्या मुदतठेवीवर क्रेडिट कार्ड काढलं. नोकरी लागली की सांगलीत स्वतःच्या नावावर घर घ्यायचं होतं. कर्ज मिळायला लागणारा सिबिल स्कोअर चांगला राहावा म्हणून ती कार्डावर बाळाची दूधपावडर तेवढी आणायची आणि बिल वेळेत, पूर्ण भरायची.

"दूध आणायला कार्ड? चिल्लर न्हाई व्हय गं?" नवरा धैर्यशील पाहुण्यांदेखत खिदळायचा. स्वतःची तीन कार्डं त्यानं थकवली होती.

मग त्याचं गाडीचं कर्ज अडलं. "घरात कुणाचा सिबिल चांगला असेल तर सहकर्जदार घ्या," बँकेचे साहेब म्हणाले.

तो फॉर्म घेऊन आला. "माझ्या नावाखाली तुझं नाव घाल. एवढंच."



फॉर्मला हातही न लावता ती म्हणाली, "लग्नात माझ्या नावापुढं तुमचं लावलं, तेवढंच लय झालं."